रोज ५५ बैलगाड्या

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळायचा गोष्टीचा खेळ. आमच्यात गोष्ट मी चालवतो, आणि तिच्यातल्या काल्पनिक शहराचा नकाशा मी एका शनिवारी काढला. राजवाडा, सात देवळं, चोरांची टोळी, व्यापाऱ्यांचे संघ, गल्ल्यांची नावं, सगळं त्याच रात्री उरकलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, तेवढं सगळ्यांनाच जमतं. शेवटी कोपऱ्यात झोकात लिहिलं: लोकसंख्या ४०,०००. का? आकडा भारदस्त दिसत होता.

तिसऱ्या सेशनला, म्हणजे खेळाच्या तिसऱ्या बैठकीला, पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) तटावर चढली. वर्णनाच्या भरात मी बोलून गेलो, "चारी बाजूंना कोरडं पठार. नजर जाईल तिथवर नदी नाही, शेत नाही." चोराचं पात्र खेळणारी मैत्रीण फासे खाली ठेवून म्हणाली, "मग हे लोक खातात काय?"

"पुढच्या वेळी सांगतो," मी म्हटलं. ती पुढची वेळ यायला सहा आठवडे लागले.

पहिली पळवाट अर्थातच जादूची. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत अन्नपाणी निर्माण करणारा तिसऱ्या पातळीचा मंत्र आहे. एकदा टाकला की १५ माणसांचं एक दिवस भागतं. पाचव्या लेव्हलच्या क्लेरिकला, म्हणजे मंत्र टाकणाऱ्या पुरोहिताला, असे मंत्र दिवसाला दोनच टाकता येतात, म्हणजे एका क्लेरिकमागे ३० पोटं. ४०,००० लोकांसाठी १,३३४ क्लेरिक, तेही रोज, एकही खाडा न करता. आता ज्या शहरात इतके क्लेरिक सगळ्यांना जेवू घालतात, तिथे राजाला विचारतो कोण? त्यावर एक झकास वेगळी कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, होईल, पण माझा राजा आधीच दोन सेशन भाव खाऊन गेला होता.

मग वही घेऊन बसलो. माणशी वर्षाला २५० किलो धान्य धरलं. पोट मुख्यतः धान्यावरच भरायचं असेल तर हे काही चैनीचं माप नाही. झाले १ कोटी किलो. बैलगाडीत ५०० किलो धरले तर वर्षाला २०,००० गाड्या, म्हणजे रोज ५५. दरवाजा बारा तास उघडा ठेवला तर दर तेरा मिनिटांनी एक गाडी. हे नुसतं धान्य. सरपण, बैलांचा चारा, मीठ, चामडं मी अजून धरलंच नव्हतं.

आणि माझ्या शहराला दरवाजा एकच होता, कारण एकच दरवाजा कसा रुबाबदार दिसतो. वर त्या दरवाजात मी हौसेने एक जकात कारकून बसवला होता. चष्मा, शाईने बरबटलेली बोटं, प्रत्येक पोतं उघडून बघायची खोड. पहिल्या सेशनला त्याने पार्टीला तासभर रखडवलं तेव्हा सगळे खूप हसले होते. आता तेच मला भोवलं. एका पार्टीला तासभर घेणारा माणूस दिवसाला ५५ गाड्या सोडणार कशा? त्याला हाताखाली माणसं दिली, रात्रपाळी लावली, लाचखाऊ करून पाहिला. हिशेब बसेना. मीच रंगवलेला हा कारकून, आणि सहा आठवडे मीच त्याच्यासमोर रांगेत उभा. इतका राग मला खऱ्या कुठल्या खिडकीवर कधी आला नसेल.

नदी घातली असती तर प्रश्न चुटकीसरशी सुटला असता. २० टनांची एक नाव म्हणजे ४० गाड्या, आणि नाव वाटेत चारा मागत नाही. रोममध्ये दहा लाखांच्या आसपास लोक राहत होते, ते इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेचं धान्य समुद्रमार्गे येत होतं म्हणून. पण टेबलावर बोललेलं परत घेता येत नाही. कोरडं म्हटलं ना, मग कोरडंच.

शेवटी मी आकड्यावर आलो. युरोपातली मध्ययुगीन शहरं बहुतेक काही हजार वस्तीचीच होती, माझे ४०,००० म्हणजे निव्वळ मिजास. १२,००० करून पाहिले तर वर्षाला ६,००० गाड्या. रस्ते मात्र पावसात बंद, त्यामुळे सगळं धान्य सुगीनंतरच्या चार महिन्यांतच येणार. म्हणजे तेव्हा रोज ५० गाड्या. रांग पुन्हा तिथेच! या वेळी मात्र मी तिला हटवलं नाही. गाड्या रात्रभर बाहेर थांबणार, तर तिथे बैलांना पाणी विकणारा येणार, लोहार येणार, जुगाराचा अड्डा बसणार, तटाबाहेर एक वस्तीच उभी राहणार. आत वर्षभराची कोठारं. कोठारांच्या किल्ल्या कोणाकडे, यावर शहराचं निम्मं राजकारण. शनिवारी काढलेल्या सात देवळांनी यातलं काहीच दिलं नव्हतं.

उरला नकाशावरचा ४०,००० चा आकडा, तो सगळ्यांनी पाहिलेला. तो मी शिधावाटपाच्या नोंदवहीतला केला. माणसं १२,०००, शिधा उचलला जातो ४०,००० च्या नावे. बाकीची २८,००० नावं कोणी घातली? कारकुनाला अखेर काम मिळालं. मैत्रिणीच्या चोराने ती वही पळवली तेव्हा मी टेबलाखाली मूठ आवळून घेतली.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: धान्याच्या आधी पाणी पाहा. मी उलटं केलं आणि विहिरींसाठी सगळा नकाशा पुन्हा खोडला. नदी नसली तरी चालतं. व्हेनिस चहूबाजूंनी खाऱ्या पाण्यात, तिथले लोक चौकाखालच्या हौदांत वाळूतून गाळलेलं पावसाचं पाणी पीत. कॉन्स्टँटिनोपलचा (आजच्या इस्तंबूलचा) मोठा जलसेतू ६२६ च्या वेढ्यात अवार या भटक्या घोडेस्वार लोकांनी तोडला, तो ७६६ मध्ये दुरुस्त झाला. इतकी वर्षं शहर तगलं, त्यात साठवणीच्या टाक्यांचा मोठा हात. अशी टाकी खेळातही कामाची: वेढ्यात सोनं, एरवी लपायला जागा.

गावंही मोजा. जुन्या काळी दहातले आठ-नऊ जण शेतीत असत. माझ्या नकाशावर शहराभोवती गावं होती आठ. चोराच्या ते अजून लक्षात आलेलं नाही.

आणि लोकसंख्या पेन्सिलीने लिहा. दरवाजे दोन ठेवा.