काळा कातळ आणि पाऊणपट तिथी

नाशिककराने समुद्राचे फोटो काढायला जाणं हा तसा आगाऊपणाच. आमची गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते तेव्हा अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर असतो, पण ती बाई त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. मी मात्र घाट उतरून हरिहरेश्वर गाठतो. आणि तिथे जाऊन फोटो कशाचे काढतो, तर कातळाचे! म्हणजे अंजनेरी, रामशेज, पांडवलेणी, जिकडे बघावं तिकडे जो काळा पाषाण आम्हाला फुकट मिळतो, त्याचेच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याची ही सगळी एकाच घरातली मंडळी.

पण समुद्रकाठच्या भावंडाला मीठ लागलेलं असतं. खारं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं, उन्हात वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि आतून दगडाचा कण न् कण सुटा करतात. मंदिरामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर कड्याला अशी जाळी पडली आहे की मधमाश्यांनी पोळं बांधून सोडून दिलंय असं वाटावं. या जाळीचा फोटो भर दुपारी काढू नये, सपाट येतो. ऊन तिरकं हवं, म्हणजे प्रत्येक खळग्यात सावली बसते.

तिरकं ऊन आणि ओहोटी, दोन्ही एकदम कधी मिळणार? इथे कॅमेऱ्याच्या दुकानदारापेक्षा भिंतीवरचं कॅलेंडर उपयोगी. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे ओहोटी बारा-सव्वाबाराला, रणरणत्या उन्हात. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या सुमारास आणि ओहोटी संध्याकाळी साडेपाचला. शिवाय ते दिवस उधाणाचे, पाणी सगळ्यात लांब हटतं आणि एरवी बुडालेला कातळही उघडा पडतो. अमावास्येलाही हेच गणित. चांगल्या दिवसाची व्याख्या फोटोवाल्यांची वेगळी असते, त्यामुळे अमावास्येला प्रवास नको म्हणणाऱ्या घरातून निघताना जरा वाद होतात. फक्त सूर्य मावळल्यावर पाणी परत फिरतं, तेव्हा आवरतं घ्यावं. भरतीत ती वाट बंद होते.

हल्ली शटर अर्धा मिनिट उघडं ठेवून लाटांचा धूर करायची टूम आहे. मला ते पटत नाही. ज्या पाण्याने हा कातळ कोरला, त्याला अंगातलं बळ काढून दाखवण्यात काय मजा? पाव सेकंद पुरतो. लाटेच्या शिरा दिसतात, कातळावरून ओघळणारं पाणी दिसतं.

खरी अडचण मापाची. नुसता खडक फोटोत गुडघ्याएवढा की तीन मजली, कळतच नाही. ओहोटीला बायका कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले खायचे शिंपले, काढायला खडकांवर उतरतात. त्यांतल्या एका मावशींना विचारून त्यांना चौकटीत घेतलं. त्यांनी मान डोलावली आणि हातातलं काम काही थांबवलं नाही. तेव्हा कुठे कडा कड्याएवढा झाला.

आता नाशिकमध्ये तो फोटो ज्याला दाखवावा तो आधी विचारतो, ‘या बाई काय वेचतायत?’ साडेसहा कोटी वर्षांच्या म्हाताऱ्याची चौकशी अजून कोणी केलेली नाही.