हवेच्या होडीची डागडुजी : तिसरी नोंद

जुलैत लावलेले ठिगळ ऑगस्टअखेर कडेने सुटू लागले, तेव्हा दोष गोंदाचा नसून माझ्या घाईचा होता हे मान्य करावे लागले. होडीच्या पीव्हीसी कापडाला लागणाऱ्या दोन घटकांच्या पॉलियुरेथेन गोंदातील हार्डनर (गोंद घट्ट करणारा दुसरा घटक) हवेतील ओलाव्याशीही अभिक्रिया करतो, आणि पुण्याच्या भर पावसात गच्चीवरच्या पत्र्याखाली कोरडी हवा कुठून मिळणार? सुटलेल्या ठिगळाखालचा गोंद दुधाळ झाला होता. त्यामुळे उरलेले काम ऑक्टोबरवर ढकलले.

खरा त्रास उजव्या ट्यूबच्या मागच्या सांध्याचा होता. साबणाचे पाणी लावल्यावर सांध्यावर चिकटवलेल्या पट्टीच्या कडेला बारीक फेस येत होता. पण सांध्यातली गळती फसवी असते. हवा आत एका जागी सुटते, पट्टीखालून वाट काढते आणि भलतीकडे बाहेर पडते. म्हणून फेसाच्या जागेवरच न थांबता, हीट गन मंद ठेवून बोथट पात्याने पट्टी पुढे उचलत गेलो. फेसापासून तब्बल ११ सेंटिमीटरवर केसाएवढी वाट आणि तिच्यात अडकलेले वाळूचे चार कण सापडले. जुना गोंद बोटाने चोळल्यावर खोडरबराच्या वळ्यांसारखा निघाला.

४० ग्रॅम गोंदाला ५ टक्के म्हणजे अवघा २ ग्रॅम हार्डनर लागतो. स्वयंपाकघरातला काटा येथे निरुपयोगी ठरतो, सोनाराकडे असतो तसा छोटा काटा हवा. (बुटांचा पिवळा गोंद वापरण्याचा सल्ला मला दोनदा मिळाला, पीव्हीसीतील प्लॅस्टिसायझर (पीव्हीसी लवचीक ठेवणारे द्रव्य) त्या गोंदाला हळूहळू मऊ करतो, तेव्हा नकोच.) दोन्ही पृष्ठभागांवर दोन पातळ थर दिले, बोटाची पाठ टेकवल्यावर चिकटपणा जाणवतो पण गोंद बोटाला लागत नाही इतके सुकू दिले, आणि मग मधून कडेकडे रोलर दाबत नेला. त्यानंतर ३ दिवस हवा भरली नाही.

चाचणीत दुपारी ३१ अंशांना २५० मिलिबार दाब होता, पहाटे २३ अंशांना २२०. क्षणभर धस्स झाले. परंतु बाहेरचा वातावरणीय दाब धरून हिशेब केला, तर ८ अंशांच्या घसरणीने सुमारे ३० मिलिबार कमी होणारच. दुसऱ्या दुपारी पुन्हा ३१ अंशांना २४८ दिसले. ते उरलेले २ बहुधा पंपाची नळी काढता-लावताना गेले असावेत.

आता जुलैतले ते दुधाळ ठिगळ पूर्ण काढून, सर्व बाजूंनी ५ सेंटिमीटर जास्तीचे आणि गोल कोपऱ्यांचे नवे कापायचे आहे.