कोल्हापुरात वाइन-टेस्टिंग: रस्सा आधी की नंतर?

एप्रिलमधला शनिवार, ताराबाई पार्कातल्या एका हॉटेलचा हॉल, चाळीसेक माणसं. सहा वाइन आणि शेवटी दोन व्हिस्की. वेळ साडेसहाची दिलेली, पहिली बाटली उघडली सव्वासातला. तरीही वेळेवरच जा. हॉल अजून गार असतो, नाक ताजं असतं आणि ओतणारा माणूस प्रश्नांना नीट उत्तरं देतो. साडेआठनंतर त्याच्या कानावर फक्त 'अजून जरा घाला की' एवढंच पडतं.

वयाचा पुरावा खिशात असू द्या. महाराष्ट्रात वाइन आणि बिअरसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात, व्हिस्की-रमसाठी २५. म्हणजे तेविशीतल्या पाहुण्याला सहा वाइन मिळतात, व्हिस्की नाही. दोघं-तिघं उगाच हुज्जत घालत बसले. पिण्याचा परवानाही लागतो. एका दिवसाचा ५ रुपयांत होतो आणि बहुतेक वेळा आयोजकच तो फाडून देतात, पण तिकीट काढतानाच विचारून घ्या.

आता मापाचं गणित. एका वाइनचं माप ५० मिली, म्हणजे ७५० मिलीच्या बाटलीत १५ जण. सहा वाइनचे झाले ३०० मिली. साडेबारा टक्क्यांनी धरलं तर ३७-३८ मिली निव्वळ अल्कोहोल, म्हणजे ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचे जवळजवळ तीन छोटे पेग. सगळं गिळलं तर चौथ्या ग्लासापासून प्रत्येक वाइन झकास लागते आणि मग चाखण्यात अर्थ उरत नाही. म्हणून थुंकायचं. टेबलावरची स्टीलची बादली त्यासाठीच होती, पण बराच वेळ तिला कुणी हात लावला नाही, आणि मग एकाने तिच्यात बर्फ ओतला! रस्त्यावर पानाची पिंक टाकताना न वाटणारी लाज इथे कुठून येते कोण जाणे. सगळ्यांसमोर संकोच वाटत असेल तर कागदी कप हातात ठेवा, त्यात थुंका आणि कप बादलीत रिकामा करा.

त्या दिवशी खरी गडबड झाली ती तापमानाची. 'रेड वाइन रूम टेम्परेचरला द्यायची' हे वाक्य थंड देशांतल्या घरांसाठी आहे. तिथली खोली १६ ते १८ अंशांची. आपल्याकडे एप्रिलमध्ये टेबलावर ठेवलेली बाटली ३० च्या पुढे जाते. पहिली रेड, म्हणजे शिराझ, तशीच ओतली गेली. नाकाजवळ नेली की अल्कोहोलचा भपका, घशात जळजळ, फळाचा वास कुठेच नाही. तीच बाटली बर्फ-पाण्यात दहा-बारा मिनिटं ठेवल्यावर जांभूळ आणि मिरीचा वास स्वच्छ आला. व्हाइट वाइन ८ ते १० अंशांवर हवी, तिला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी पाहिजे. नुसत्या बर्फात मधे हवा राहते, बाटलीला तो जागोजागीच टेकतो आणि ती गार व्हायला फार वेळ लागतो. वाढपी नुसता बर्फ घेऊन आला तर एक जग भरून पाणी मागून घ्या.

ग्लास नेहमी दांड्याला धरा, पोटाला नाही. हाताच्या उबेनेही वाइन तापते. आधी न हलवता वास, मग दोन वेळा फिरवून वास, मग चमचाभर घोट पाच-सात सेकंद तोंडात. अत्तर लावून जाऊ नका, आणि मोगऱ्याचा गजरासुद्धा त्या दिवशी नको. सोव्हिन्यों ब्लां या व्हाइट वाइनचा हिरवट, पेरूसारखा वास शेजारच्या खुर्चीवरच्या गजऱ्याखाली पार बुडून गेला. पान, मावा, पुदिन्याच्या गोळ्या दोन तास आधी बंद.

बाटली बिघडलेली असू शकते, आणि तसं सांगणं उद्धटपणा नाही. ओल्या गोणपाटाचा, बुरशीचा वास म्हणजे बुचातला दोष. तो हवा लागून जात नाही, बाटली बदलून मागा. कुजलेल्या अंड्याचा हलका वास मात्र ग्लास फिरवल्यावर बऱ्याचदा उडून जातो. शिजवलेल्या फळासारखी चव आणि वर सरकलेलं बूच दिसलं, तर बाटली उन्हातल्या प्रवासात तापलेली असते.

व्हिस्कीला माप १५ मिली पुरे. नाक ग्लासात खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवून कडेवरून वास घ्या. मग थेंब-थेंब पाणी. अल्कोहोलचा झोंबरेपणा उतरतो आणि मागचे वास पुढे येतात. बर्फ टाकला की वास मिटतात.

तासगावकडच्या बागायतदारांचा हमखास प्रश्न: आमच्या सोनाका द्राक्षांची वाइन का होत नाही? होते, पण पांचट. खायच्या द्राक्षाचा मणी मोठा, साल पातळ, बी नाही. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड. रंग, वास आणि तुरटपणा बराचसा सालीतून येतो. गोडीचा हिशेब त्यांना लगेच पटतो: २३ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या गोडीचं माप) काढलेल्या द्राक्षाची सगळी साखर आंबली की साधारण साडेबारा-तेरा टक्के अल्कोहोल.

आणि रस्सा? नंतर. पण आधी उपाशीही जाऊ नका; भात-वरण, दही, चपाती असं काहीतरी बिनतिखट तासभर आधी खा. तांबड्या रश्श्यानंतर जीभ दीड-दोन तास कामाची राहत नाही, कारण मिरची ज्या संवेदनेला डिवचते तीच अल्कोहोलनेही चेतते. मिरची आणि रेड एकत्र आली की दोन्ही जास्त भाजतात, वर रेडचा तुरटपणा. जेवणाबरोबर ग्लास हवाच असेल तर पांढरा रस्सा आणि थोडी गोडसर, गार व्हाइट वाइन, शेनिन ब्लां. नारळ-काजूचा स्निग्धपणा तिच्या आंबटपणाने हलका होतो. तांबड्याबरोबर सोलकढी किंवा पाणी.

परतीची सोय जाण्याआधीच करा. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोल ही वाहन चालवण्याची मर्यादा आहे, आणि न थुंकता सहा वाइन घेणारा ती सहज ओलांडू शकतो. इचलकरंजी-सांगलीहून येणाऱ्यांनी चौघांत एक न पिणारा चालक ठरवावा किंवा स्टेशनजवळ मुक्काम करावा. घरी मित्रांत असाच कार्यक्रम करायचा बेत असेल तर गोव्याहून आणलेली स्वस्त बाटली टेबलावर नको. ती तिथेच विकण्यासाठी असते आणि वाहतूक परवान्याशिवाय इकडे आणणं हा गुन्हा आहे. बिल असलेली महाराष्ट्रातलीच बाटली घ्या.