नंबर गेला, डोळा लांबच राहिला

मी एका नेत्ररुग्णालयात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी, डोळ्यात बसवायच्या भिंगाची ताकद ठरवण्यासाठी बायोमेट्री, म्हणजे डोळ्याची मोजमापे, करणे हे माझे रोजचे काम. त्या दिवशी पन्नाशीच्या एका बाईंच्या डोळ्यांचे आकडे मात्र एकमेकांशी जुळेनात.

उजव्या डोळ्याची लांबी 27.2 मिलिमीटर भरली. सर्वसाधारण डोळा साडेतेवीसच्या आसपास असतो, आणि एवढ्या लांब डोळ्याला उणे आठ-दहाचा नंबर असणार हे उघड आहे. पण बाई लांबचा चष्मा वापरत नव्हत्या. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक आवरणाची, म्हणजे कॉर्नियाची, वक्रता, जी एरवी 43-44 डायॉप्टर (भिंगाच्या ताकदीचे एकक) असते, ती 37.6 होती. डावा डोळाही तसाच. केसपेपरवर ‘पूर्वीची शस्त्रक्रिया’ या रकान्यात ‘नाही’ असे लिहिलेले होते.

ही माहिती त्यांनी यजमानांसमोर दिली होती. टोपोग्राफीसाठी, म्हणजे कॉर्नियाच्या उंचसखलपणाचा नकाशा काढण्यासाठी, त्या एकट्या आत आल्या, तेव्हा नकाशात कॉर्नियाच्या मध्यभागी सपाट झालेले वर्तुळ स्पष्ट दिसले, म्हणून मी हलकेच विचारले, “ताई, चष्मा घालवायला पूर्वी कधी लेझर केलं होतं का?”

“लग्नाआधी केलं होतं, 2001 मध्ये. स्थळं चष्म्यावरून परत जायची,” त्या म्हणाल्या. “सासरी कुणाला बोलले नाही. पण ते काही ऑपरेशन नव्हे ना?”

त्यांचा लेझरचा परिणाम उत्तम होता. वीस वर्षांहून अधिक काळ त्या चष्म्याशिवाय वावरल्या. परंतु लेझर केवळ कॉर्नियाचा पुढचा पृष्ठभाग सपाट करतो, मागचा तसाच राहतो, आणि आपले नेहमीचे यंत्र पुढचा भाग मोजून मागच्याचा अंदाज बांधत असल्यामुळे अशा डोळ्यात कॉर्नियाची ताकद प्रत्यक्षाहून जास्त दाखवते. शिवाय जुनी सूत्रे सपाट कॉर्नियावरून भिंग नेमके कुठे स्थिरावेल याचाही चुकीचा अंदाज करतात. दोन्हींमुळे भिंग कमी ताकदीचे निवडले जाते आणि जन्मभर उणे नंबर असलेल्या माणसाला अधिकचा (प्लस) नंबर येऊन लांबचे आणि जवळचे दोन्ही धूसर होते. डोळ्याचा दाबही अशा पातळ कॉर्नियावर कमी भरतो, आणि उणे नंबरवाल्यांना काचबिंदूचा धोका अधिक असल्याने मला ही गोष्ट भिंगाइतकीच महत्त्वाची वाटते.

डॉक्टरांना सांगावे लागेल, असे मी म्हटल्यावर बाईंनी मान डोलावली. माहेरच्या कपाटात जुने कागद निघाले, भावाने त्यांचे फोटो पाठवले: लेझरपूर्वीचा नंबर उणे साडेआठ होता. लेझर झालेल्या डोळ्यांसाठीच्या बॅरेट ट्रू-के सूत्राने आम्ही पुन्हा गणित केले, तेव्हा नेहमीच्या सूत्रापेक्षा सुमारे दोन डायॉप्टर जास्त ताकदीचे भिंग निघाले. मल्टिफोकल, म्हणजे लांबचे-जवळचे दोन्ही दाखवणाऱ्या, भिंगाची त्यांची इच्छा डॉक्टरांनी समजावून बाजूला ठेवली, कारण लेझर झालेल्या कॉर्नियावर त्याने रात्री दिव्यांभोवतीची वलये वाढू शकतात. महिन्याभराने उजव्या डोळ्याला चष्म्याशिवाय 6/9 आणि उणे अर्ध्या नंबरने 6/6, म्हणजे सर्वसाधारण नजरेइतके, दिसत होते.

डावा डोळा मात्र लगेच घेता आला नाही. नंबर गेला तरी डोळा लांबच राहतो आणि त्याचा पडदा ताणलेलाच असतो, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते, त्यामुळे इतक्या वर्षांत पडद्याची तपासणी झालीच नव्हती. बाहुली मोठी करून पाहिल्यावर पडद्याच्या कडेला लॅटिस, म्हणजे पडदा विरळ झालेला पट्टा, आणि त्यात एक छिद्र आढळले. आधी त्याभोवती लेझर करून घेतला. मोतीबिंदूची तारीख त्यानंतरची दिली. यजमान त्या वेळी सोबत होते आणि त्यांना सारे ठाऊक होते.