चैत्र वद्य दशमी, म्हणजे पंचवीस

"जन्मसाल कोणतं तुझं?" ताईंनी विचारलं.

"१९७९."

त्यांनी मागे वळून चुलत्यांना काहीतरी सांगितलं. चुलत्यांनी बोटांच्या पेरांवर हिशेब केला, मान डोलावली आणि पुन्हा चहाचा पेला उचलला. व्हिएतनामी पंचांगात प्रत्येक वर्ष एका प्राण्याचं, आणि १९७९ म्हणजे शेळीचं वर्ष. ताईंचे वडील रेड्याच्या वर्षात जन्मलेले असते, तर शेळीचं आणि रेड्याचं पटत नाही म्हणून मला त्या रात्री घरीच थांबावं लागलं असतं. पण ते १९४०चे, ड्रॅगनच्या वर्षातले. आड येणारं काही नव्हतं. रात्री एक वाजता तयार राहा म्हणाल्या, गरम कपडे घाल.

ही डिसेंबर २०२३ची गोष्ट. हनोईच्या दक्षिणेला नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरवर निन्ह बिन्ह, आणि तिथून जवळच ताम कोक. चुनखडीचे उभे सुळके, त्यांच्यामधून वाहणारी नदी, पायांनी वल्ही मारणाऱ्या बायका, हे बघायला मी गेलो होतो. पण पहिल्याच दिवशी नजर अडकली ती भातखाचरांत. खाचराच्या मधोमध, बांधाला लागून, कुठे एकटी तर कुठे पाच-सहा मिळून, पांढरी थडगी. त्यांतली बरीचशी जेमतेम अडीच-तीन हात लांबीची. ती लहान मुलांची असावीत असं वाटून माझ्या पोटात कालवलं. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या ताईंना विचारलं. (तिकडे अनोळखी माणसालाही नात्यानंच हाक मारतात. 'चि' म्हणजे थोरली बहीण, म्हणून मीही त्यांना ताईच म्हणू लागलो.) त्या म्हणाल्या, "मुलांची कशी असतील? आजी-आजोबांची आहेत. हाडांना जागा ती किती लागते?"

उत्तर व्हिएतनाममध्ये माणसाला दोनदा पुरतात. पहिल्यांदा शवपेटीत, पूर्ण देह. मग साधारण तीन वर्षांनी, कधी आणखी उशिरा, कबर उघडतात, हाडं काढून धुतात, भाजक्या मातीच्या लहान पेटीत रचतात आणि दुसऱ्या जागी कायमची पुरतात. याला म्हणतात काय तांग. बोलताना बोक मो, म्हणजे कबर उचलणं. दक्षिणेत ही रीत नाही, तिकडे एकदा पुरलं की पुरलं. पहिली कबर म्हणजे उतरायची जागा आणि दुसरी म्हणजे घर, असं ताईंनी सांगितलं. दुसरं होईपर्यंत मुलांच्या डोक्यावरचं ओझं उतरत नाही.

मग त्यांनी मला विचारलं, "तुझे वडील आहेत?"

मी सांगितलं. अर्धं मोडक्या इंग्रजीत, अर्धं फोनमधल्या भाषांतरावर. ६ मे २०२१. दुसऱ्या लाटेतला सातारा. बाबांना दवाखान्यात नेलं तेव्हा ते स्वतःच्या पायांनी चालत आत गेले, ते मला दिसलेलं शेवटचं. दहन कर्मचाऱ्यांनी केलं, आम्ही दोघं भाऊ फाटकाबाहेर उभे होतो. अस्थी आम्ही वेचल्या नाहीत, आम्हाला दिल्या गेल्या. लाल फडक्यात बांधलेली पुरचुंडी, वर पेनानं घातलेला नंबर. शाई ओली झाली होती. शेवटचा आकडा एक होता की नऊ, ते मला आजही सांगता येणार नाही. संगम माहुलीला कृष्णेत ती सोडताना भावानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. बोललो नाही. दहाव्याला कावळाही शिवला नाही. दोन तास थांबून शेवटी दर्भाचा कावळा केला.

ताईंनी ऐकून घेतलं आणि भांडी आवरायला गेल्या. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाल्या, "परवा रात्री आमच्या वडिलांना हलवायचंय. तू ये."

रात्री एकला निघालो. थंडी चांगलीच होती. हे काम हिवाळ्यातच करतात, कोरडी हवा लागते. आणि रात्रीच करतात, कारण हाडांवर ऊन पडता कामा नये. गावाबाहेरच्या दफनभूमीत कबरीवर ताडपत्रीचं छत टाकलं होतं, आकाशही दिसू नये म्हणून. दोन दिवे, उदबत्त्यांचा जुडगा, उकडलेली कोंबडी, चिकट भात, तांदळाची दारू. हे काम करणारी तीन माणसं बोलावली होती, पण ताईंचे दोन्ही भाऊ त्यांच्याबरोबर खोदायला उतरले.

त्याआधी नाणी. बशीत दोन जुनी नाणी टाकायची. एक छापा आणि एक काटा पडला, तर मृताची संमती आहे. दोन्ही सारखी पडली, तर नाही. थोरल्या भावानं तीनदा टाकली, तीनदा नकार आला. चुलते पुढे झाले आणि मोठ्यानं बोलू लागले. काय बोलतात ते मी ताईंना विचारलं. "सांगतायत, की धाकटीच्या लग्नाचं आम्ही बघतो, तुम्ही काळजी करू नका."

मला उभं राहवेना. घाटावर पिंडासमोर हात जोडून आम्ही असंच बोललो होतो. आईला सांभाळू, जमिनीवरून भांडणार नाही, धाकट्याचं कर्ज फेडू. शब्दसुद्धा तेच. तिथे झाडाकडे बघत होतो, इथे सगळे बशीकडे बघत होते.

चौथ्यांदा एक छापा, एक काटा पडला.

पेटीचं झाकण निघालं तेव्हा आधी दारू शिंपडली, मग सगळे क्षणभर मागे सरले. मीही नाक धरायच्या तयारीत होतो, पण आला तो फक्त ओल्या मातीचा आणि कुजक्या लाकडाचा वास. ताईंनी सुटकेचा श्वास टाकला. चार वर्षांत देह पुरता विरघळलेला नसेल तर फार वाईट प्रसंग येतो, त्याची धास्ती घरच्यांना महिनाभर असते. याच्या उलटही एक समजूत आहे. कबर उघडताच आतून ऊब किंवा वाफ आली, मुळं हाडांभोवती गुंफलेली दिसली, तर ती जागा मृताला मानवली असं धरतात आणि मुकाट्यानं पुन्हा माती लोटतात. तिथे हात लावला तर घराची भरभराट थांबते म्हणे.

एकेक हाड वर येऊ लागलं. मोठ्या घमेल्यात दालचिनी, चक्रीफूल आणि आणखी काही सुवासिक द्रव्यं उकळलेलं कोमट पाणी होतं. धाकटा भाऊ ते हाड हातात घेऊन अंगठ्यानं माती काढायचा, दुसऱ्या पाण्यात बुचकळायचा, पुसायचा आणि ताईंकडे द्यायचा. कोणी रडत नव्हतं. मोजणी चालली होती. पायाच्या बोटाचं एक बारीक हाड मिळेना, तर कामाची माणसं चिखल चाळत बसली. अर्धा तास! करंगळीच्या पेराएवढ्या हाडासाठी. मिळालं तेव्हा सगळे हसले आणि धाकटा भाऊ काहीतरी म्हणाला. चालताना वडील डावा पाय जरा फेंगडा टाकायचे, म्हणून हाड तसं वळलेलं आहे, असं तो म्हणाला होता.

कवटी ताईंनी स्वतः धुतली. बाळाला न्हाऊ घालताना मान धरतात तशी डाव्या तळव्यावर धरून. धुताना बारीक आवाजात त्या सतत बोलत होत्या. भातकापणी झाल्याचं सांगत असतील, नातीच्या परीक्षेचं सांगत असतील, मी विचारलं नाही.

लाल कापड अंथरलेल्या त्या लहान पेटीत सगळं रचलं, पाय पायांच्या जागी, कवटी वरच्या टोकाला, माणूस निजतो तसं. पूर्वेला उजाडायच्या आत नव्या जागी माती पडली होती. घरी परतल्यावर अंगणात बो केतच्या शेंगा पेटवल्या, आपल्या शिकेकाईसारख्या, त्याही केस धुवायलाच वापरतात. प्रेताजवळचा गारठा अंगात शिरतो अशी समजूत आहे, तो या धुरानं जातो. आम्ही ओळीनं धुरावर हात धरले.

सकाळी चहावर चुलते खुलले. मृताच्या तोंडात तांदळाचे दाणे आणि नाणं ठेवतात, हे त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, आमच्याकडे तुळशीपत्र आणि सोन्याचा कण. ते खूश झाले. मुलांच्या कपाळाला पांढरी पट्टी, पणतवंडांच्या मात्र पिवळी, कारण पणतू बघून गेलेल्या माणसाचं फार दुःख करायचं नसतं. वडील गेले तर मुलाच्या हातात बांबूची काठी, आई गेली तर पांगाऱ्याच्या जातीच्या झाडाची. प्रेत घरात असताना मांजराला बांधून ठेवायचं, ते वरून उडी मारून गेलं तर प्रेत उठून बसतं. आणि एक म्हण सांगितली, 'न्घिया तू ला न्घिया तान': माणूस गेला की सगळे हिशेब मिटले. मरणान्तानि वैराणि! मी ते संस्कृत म्हणून दाखवलं, चुलत्यांनी दोनदा ऐकून घेतलं.

हनोईतल्या हांग मा रस्त्यावरच्या कागदी वस्तूंबद्दल लोक खूप लिहितात, म्हणून थोडक्यात: कागदाची घरं, स्कूटर, फोन, डॉलरच्या गड्ड्या, सगळं जाळून पूर्वजांना पोचवायचं. मला त्यापेक्षा बा दिन्ह चौकातली रांग जास्त लक्षात आहे. हो ची मिन्ह यांनी इच्छापत्रात लिहिलं होतं की माझं दहन करा आणि रक्षा तीन भाग करून उत्तर, मध्य, दक्षिणेत ठेवा. ते १९६९मध्ये गेले. देह जतन केला गेला आणि १९७५पासून समाधीगृहात काचेखाली आहे. मी आत वाकून नमस्कार केला, पण बाहेर पडल्यावर बराच वेळ अस्वस्थ होतो. ज्या मुलखात साध्या शेतकऱ्याच्या पायाचं हाड अर्धा तास शोधतात, तिथे या माणसाची एवढी एक गोष्ट ऐकायला हवी होती.

निघायच्या आदल्या दिवशी ताईंनी सुचवलं, दक्षिणेला जातोच आहेस तर क्वांग त्रीत उतर. त्यांचे एक मामा १९७२मध्ये तिथे लढायला गेले, परत आले नाहीत. त्यांची हाडं धुवायला मिळाली नाहीत.

क्वांग त्रीतली त्रुओंग सोनची राष्ट्रीय दफनभूमी टेकड्यांवर पसरलेली आहे, १० हजारांहून जास्त थडगी. पांढऱ्या दगडांच्या ओळी पाइन वृक्षांखालून चढत जातात. युद्धात पडलेल्या सुमारे ३ लाख व्हिएतनामी सैनिकांची हाडं मिळाली पण ओळख पटलेली नाही, आणि कितीतरींची मिळालेलीच नाहीत. घरापासून लांब मेलेल्या, ज्याच्या नावानं कोणी जेवण ठेवत नाही अशा माणसाचा आत्मा भटकत राहतो असं तिथे मानतात. त्यांच्यासाठी सातव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला अंगणात पातळ पेज, मीठ-तांदूळ ठेवतात, आपल्या सर्वपित्रीला ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचंही होतं तसं. अनेक दगडांवर एकच ओळ होती, ती मी वाहनचालकाकडून वाचून घेतली: 'लिएत सी चुआ बिएत तेन'. हुतात्मा, नाव अजून कळलेलं नाही.

'चुआ' म्हणजे 'अजून नाही', हे त्यानं दोनदा समजावलं. मी एका दगडापाशी बसलो, लाल फडक्यावरचा तो एक की नऊ डोळ्यांसमोर आला. जवळचा उदबत्तीचा जुडगा संपेपर्यंत एका ओळीतल्या प्रत्येक थडग्यावर एक एक लावत गेलो.

निरोप घेताना ताईंनी बाबांची तारीख विचारली होती. ६ मे म्हटल्यावर त्यांनी हात झटकला. इंग्रजी नको, चंद्राची सांग. त्यांच्याकडेही वर्षदिन, 'ज़ो', चांद्र तिथीनंच पाळतात. मी म्हटलं, चैत्र वद्य दशमी, पौर्णिमेनंतर दहावा. "पंधरा आणि दहा, पंचवीस," त्या म्हणाल्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर मागे चाळून बघितलं. तिसऱ्या महिन्याची पंचवीस. त्यांच्याही पंचांगात ६ मे २०२१.

३ मे २०२४ला आमच्याकडे श्राद्ध होतं. पानं वाढून आम्ही गच्चीवर कावळ्याची वाट बघत होतो, तेव्हा फोन वाजला. ताईंचा फोटो. घरातल्या पूर्वजांच्या ओट्यावर परका माणूस बसत नाही, म्हणून अंगणात वेगळं तबक मांडलेलं: भाताचा वाडगा, केळी, चहाचा लहान पेला, तीन उदबत्त्या. शेजारी बशी, बशीत दोन नाणी.

खाली भाषांतर यंत्रातून आलेली मराठी ओळ होती: "पहिल्याच वेळी पडली. बाबा जेवले."