सीमा काढा म्हटलं तर

शनिवारी क्लासची पोरं घेऊन बार्लेला गेले होते. मी इथे नेदरलँड्समधल्या ब्रेडामध्ये शनिवार-रविवार वॉटरकलर शिकवते, तिथून बार्ले जवळच, गाव पिंपळगाव बसवंतएवढंही नसेल, पण दोन देशांत वाटलेलं, आणि मधोमध रेघ मारून नाही हं, बेल्जियमचे 22 तुकडे नेदरलँड्सच्या पोटात आणि त्यातल्या काहींच्या पोटात परत नेदरलँड्स! मध्ययुगातल्या सरदारांच्या जमिनीच्या वाटण्या, 1843 च्या करारातही घोळ निस्तरला नाही, शेवटचा तुकडा ठरला 1995 ला. आपल्याकडे वीतभर बांध कोरला तर सख्खे भाऊ कोर्टात, इथे सीमा म्हणजे फुटपाथवर पांढऱ्या क्रॉसची रांग. घराचं पुढचं दार ज्या देशात उघडतं, घर त्या देशाचं. एका घराच्या तर दारातूनच रेघ गेलीये, त्याला घरनंबर दोन.

पोरांना म्हटलं, सीमा काढा. सगळ्यांनी पेन्सिलने रेघ मारली आणि दोन्हीकडे काठोकाठ रंग भरला. (आपणही शाळेत हेच केलं, रंग बाहेर गेला की मार्क गेले.) मग पेन्सिली काढून घेतल्या, कागद ओला करायला लावला, एकीकडून अल्ट्रामरीन सोडा, दुसरीकडून बर्न्ट सिएना, आणि आता हात मागे. इथेच सगळ्यांची बोटं शिवशिवतात, आणि चमक जाताना ब्रश लावला की फुलकोबीसारखा डाग पडलाच म्हणून समजा. मधे जो राखाडी पट्टा पसरला त्यावर बोट ठेवून एकीने विचारलं, हा कुठला देश? मला काही सुचेना.

रात्री आईचा फोन. "गंगेला पूर आलाय गं."

"कुठवर?"

"मारुतीच्या कमरेला लागलंय."

गंगा म्हणजे आमची गोदावरी. धरणातून किती क्युसेक सोडलं ते पेपरात येतं, पण आपलं नाशिककरांचं माप म्हणजे घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती. बुधवारच्या बाजारात जिथे बसून मेथी निवडून घेतो तिथे आता नदी, आणि आठ दिवसांनी परत मेथी. लहानपणी घाटावर स्केचिंगला बसायचे तेव्हा नदीचा काठ नक्की कुठे काढायचा हे मला कधीच जमलं नाही, तेव्हा वाटायचं माझंच ड्रॉइंग कच्चं आहे.

भावाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला मारुतीचा फोटो रविवारी क्लासमध्ये दाखवला. म्हटलं ह्याला दोन तोंडं आहेत, एक इकडे एक तिकडे. ती कालचीच पोरगी, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मग ह्याचं पुढचं दार कुठलं?"