मखर उतरल्यावर भिंतीवर राहिलेला चिकटा

मखर उतरतं, माळा निघतात आणि भिंतीवर डबल टेपचे करडे चौकोन उरतात. दाराच्या चौकटीला तोरणाच्या सेलोटेपचे पिवळे पट्टे असतात, आणि लोखंडी कपाटाच्या आरशाशेजारी टिकल्यांच्या गोंदाचे काळपट ठिपके. अशा वेळी बहुतेक घरांत पहिला हात सुरीकडे जातो, नाहीतर थिनरच्या बाटलीकडे. दोन्ही नकोत. सुरीने रंग खरवडला जातो आणि थिनर तर रंग पातळ करण्यासाठीच असतो, तो गोंदाआधी रंगालाच लागतो.

चिकटा कसा निघेल हे त्याच्याखाली कुठला रंग आहे यावर ठरतं, म्हणून आधी रंग ओळखा. दाराआडची, कोणाला न दिसणारी जागा निवडा. ओल्या पांढऱ्या फडक्याने आठ-दहा वेळा हलकं पुसा. फडक्यावर रंगाची पूड उतरली तर ते डिस्टेंपर. उतरली नाही तर कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट किंवा पातळ सॅनिटायझर घेऊन तिथेच अर्धा मिनिट घासा. रंग मऊ होऊन बोळ्याला लागला तर ते इमल्शन, म्हणजे आपण ज्याला प्लॅस्टिक पेंट म्हणतो ते. काहीच लागलं नाही तर बहुधा ऑइल पेंट. दारं, खिडक्यांचे गज, जुन्या स्वयंपाकघराच्या भिंतींचा खालचा भाग हे सहसा ऑइल पेंटचं काम असतं. लोखंडी कपाटावर भट्टीत भाजलेला रंग किंवा पावडर कोटिंग असतं आणि ते या सगळ्यांत चिवट.

सगळ्यात जास्त नुकसान इमल्शनच्या भिंतींचं होतं आणि त्याला ऋतूही कारण आहे. गणपती भाद्रपदात येतात, तोवर बाहेरच्या भिंतींनी तीन महिने पाऊस प्यायलेला असतो. ओल धरलेल्या भिंतीवर रंगाची प्लॅस्टरवरची पकड ढिली पडते, टेपची रंगावरची पकड मात्र घट्टच राहते. अशा वेळी टेप ओढली की तिच्या पाठीला रंगाचा अख्खा पापुद्रा चिकटून येतो, कधीकधी खालच्या लांबीसकट, म्हणजे रंगाआधी भरलेल्या पुट्टीसकट. म्हणून आधी बोटाच्या पेराने भिंत ठोकून पाहा. आवाज पोकळ आला, हाताला गार-दमट लागली किंवा रंगाला फुगे दिसले तर टेप तशीच राहू द्या. वरची सजावट तेवढी कापून घ्या आणि ऑक्टोबरच्या उन्हाने भिंत सुकू द्या. तोवर गोंद थोडा कडक होईल, पण कडक गोंद परवडला, पोपडा नाही. भिंत कोरडी असेल तर उलट करा. त्याच आठवड्यात काढा, कारण टेप जितके दिवस राहील तितका तिचा गोंद रंगाच्या बारीक खाचांत मुरत जातो.

फोमची डबल टेप थेट ओढायची नसते. दात साफ करायचा धागा किंवा तंगूस दोन्ही हातांत ताणून धरा, वस्तू आणि भिंत यांच्यामध्ये घाला आणि करवतीसारखा पुढे-मागे फिरवत फोम कापा. वस्तू सुटते, भिंतीवर फोमचा पातळ थर उरतो. आता हेअर ड्रायर साधारण १५ सेंटिमीटरवर धरून, सतत हलवत ३० ते ४० सेकंद गरम हवा द्या. भिंतीवर तळहात आरामात टेकवता आला पाहिजे. त्याहून तापवलं तर इमल्शन स्वतःच मऊ होतं आणि गोंदाबरोबर रंगही सुटायला लागतो.

गरम असतानाच टेपचं एक टोक नखाने सोडवा आणि टेप तिच्याच अंगावर उलटी दुमडून, भिंतीला जवळजवळ समांतर ओढा. सेकंदाला एक-दोन मिलिमीटर, इतकं सावकाश. सरळ आपल्याकडे ओढली तर सगळा जोर रंगाला भिंतीपासून उचटण्यात जातो. झटका दिला तर गोंद आणखी चिवट वागतो, कारण ओढण्याचा वेग वाढला की त्याची पकडही वाढते. मध्येच थंड पडली तर थांबा, पुन्हा हवा द्या.

उरलेला गोंद अंगठ्याने कडेकडून मध्याकडे चोळा. अंगावरचा मळ निघतो तशा त्याच्या करड्या वळ्या होतात. त्या उचलून टाका, परत भिंतीवर घासू नका. अंगठा भरून आला की साधं पांढरं खोडरबर घ्या. रंगीत नको, त्याचा रंग भिंतीला लागतो. तरीही चिकट लागलं तर १ लिटर कोमट पाण्यात अर्धा चमचा भांड्यांचं लिक्विड घाला, फडकं बुडवून घट्ट पिळा आणि पाच मिनिटं डागावर दाबून ठेवा. मग परत चोळा आणि शेवटी साध्या पाण्याच्या फडक्याने टिपून घ्या. पाच मिनिटांहून जास्त नको, इमल्शन पाण्याने फुगतं.

मॅट इमल्शनवर दोन गोष्टी अजिबात करू नका. एक, खोबरेल तेल. ते गोंद सोडवतं हे खरं, पण मॅट रंगात मुरतं, डाग पडतो आणि पुढच्या वेळचा रंग तिथे धरत नाही. दोन, जोर लावून घासणं. मॅट रंगाचा पृष्ठभाग मुळात खरखरीत असतो म्हणून तो चमकत नाही. घासून तो गुळगुळीत झाला की तिथे चकाकणारा पट्टा दिसतो आणि तो कशानेच जात नाही.

डिस्टेंपरवर पाणीही चालत नाही, स्पिरिटही नाही. फक्त गरम हवा आणि खोडरबर. तिथे थोडा रंग जाणारच हे धरून चाला.

ऑइल पेंटवर आणि कपाटावर मात्र तेलाचंच काम. गोंदावर खोबरेल तेल चोपडा, वर प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा चिकटवा, २० मिनिटं थांबा. थंडीत खोबरेल थिजतं आणि गोंदात शिरत नाही, तेव्हा गोडेतेल वापरा. गोंद फुगून सैल झाला की जुन्या एटीएम कार्डाची कड जवळजवळ आडवी धरून ढकला. उरलेल्या चिकटपणावर फडक्याच्या टोकाला थोडं टर्पेंटाइन घेऊन एकदाच पुसा. रंग देऊन महिना झाला नसेल तर तेही नको, ऑइल पेंट वरून सुकलेला दिसतो तेव्हा आतून अजून कच्चा असतो. शेवटी साबणाच्या पाण्याने तेल पूर्ण काढा, नाहीतर त्या जागी धूळ बसून नवा काळा डाग तयार होतो.

वर्षानुवर्षं राहिलेली जुनी सेलोटेप वेगळीच. तिची पट्टी वाळून आपोआप गळते आणि खाली तपकिरी, कडक थर उरतो. त्यातलं रबर हवेने जुनं होऊन कडक झालेलं असतं, ते गरम हवेने मऊ होत नाही. ऑइल पेंटवर रात्रभर तेल ठेवलं तर थर निघेल, पण रंगात उतरलेला पिवळेपणा राहू शकतो. इमल्शनवर तो भाग पुन्हा रंगवण्याशिवाय मार्ग नाही. आणि गोंद काढल्याशिवाय वरून रंग मारू नका, रंग तिथे नीट बसत नाही आणि डाग वर डोकावतो.

फेविकॉल पाण्यानेच सैल होतो. कोमट ओलं फडकं १०-१५ मिनिटं ठेवलं की तो पुन्हा पांढरट, रबरासारखा होतो आणि बोटाने उचलता येतो. इमल्शनवर मात्र हे पाच-पाच मिनिटांच्या हप्त्यांत करा. ग्लू गनच्या गोंदाला कडेने स्पिरिटचे दोन-तीन थेंब सोडले की त्याची पकड सुटते. इमल्शनवर थेंब पडताच टिपून घ्या, घासू नका. फेविक्विकला अॅसिटोन लागतं, म्हणजे अॅसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर, आणि ते इमल्शन आणि ऑइल पेंट दोन्ही खातं. रंगावर सांडलेलं फेविक्विक काढायच्या फंदात न पडणं उत्तम.

क्रम एकच पाळा: ड्रायर आधी, स्पिरिट-टर्पेंटाइन नंतर, उलट कधीच नाही. खिडक्या उघड्या हव्यात आणि समई-निरांजन विझलेलं हवं, दोन्ही द्रव पेट घेतात.

एवढं करूनही पापुद्रा निघालाच तर त्याची उचललेली कड ब्लेडने कापून टाका, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने कड उतरती करा, लांबी भरा, सुकल्यावर घासून प्रायमर द्या. रंग ब्रशने लावू नका, छोट्या रोलरने लावा, म्हणजे जुन्या भिंतीचा पोत जुळतो. भिंत चार-पाच वर्षांपूर्वी रंगवलेली असेल तर डब्यात उरलेला तोच रंगही वेगळा दिसेल, तेव्हा ठिगळ न लावता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती अख्खी भिंत रंगवा.